जंगलात जाता तरी कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं उन्हाळ्यात वाघाच्या हल्ल्यात कुणी गेलं की तुमच्या पेपरात बातमी येते आणि मग वाचकांच्या पत्रांत हमखास एक प्रश्न येतो, की वाघ आहे हे माहीत असून ही माणसं जंगलात जातात तरी कशाला. मागेही एका वाचकांनी हेच विचारलं होतं. पत्रात त्यांचं वाघावरचं प्रेम खरं दिसत होतं त्यामुळं मला राग नाही आला, पण दोन दिवस ते पत्र डोक्यातून गेलं नाही. मी सिंदेवाही तालुक्यातली. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या भोवतीच्या पट्ट्याच्या, बाजूच्या गावात लहानाची मोठी झाले, आता जवळच्याच एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्यातल्याच कुणीतरी याचं उत्तर द्यावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी मोहाचं सांगते, कारण प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मार्च लागला की मोह गळायला लागतो. रात्रभर फुलं पडतात आणि पहाटेला झाडाखाली पिवळट सडा असतो, वास इतका गोड की लांबूनच कळतं. ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, आणि त्याच्याही आधी पोचावं लागतं कारण हरणं, अस्वलं, गावातली ढोरं सगळ्यांनाच मोह आवडतो. म्हणून माझी माय चारलाच उठायची. टोपली, बॅटरी, फडक्यात भाकर, सोबत शेजारची काकू. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे आमच्या गावात आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे, कागद कुठंच नाही पण भांडण होत नाही. झाडाखाली गेलं की मग वाकायचं, आणि दोन-दोन तास वाकूनच राहायचं, एक एक फूल. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो हे आमच्या शाळेतल्या दुसरीच्या पोरालाही माहीत आहे, वनखात्याचे लोक येऊन सांगतात, पोस्टर लावतात. ते बरोबरच सांगतात. पण उभ्यानं मोह वेचता येत नाही हो.

वेचलेला मोह अंगणात वाळवायचा, थोडा घरी ठेवायचा, बाकी व्यापाऱ्याला द्यायचा. तेव्हा भाव पडलेला असतो कारण सगळ्या गावाचा मोह एकदमच बाजारात येतो, आणि पावसाळ्यात तोच मोह घ्यायला गेलं तर जास्त पैसे मोजावे लागतात. तरी तो विकावा लागतो, कारण धानाचे पैसे संपलेले असतात आणि पुढच्या रोवण्याला बी, खत, मजुरी सगळं तोंडावर असतं. मोहानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान. पहाटे तोडायचा, दुपारी घरभर बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, लहान पोरंही पानं मोजतात (आमच्या भागातल्या पोरांना सत्तरपर्यंतची मोजणी शाळेच्या आधी येते हे मी शिक्षिका म्हणून सांगते), संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, नेऊन द्यायचे. हंगाम थोड्या दिवसांचा पण रोख पैसा हातात येतो. वर्षात एवढा रोख पैसा दुसऱ्या कशातून येत नाही. आणि सरपण तर बारा महिने लागतं.

आता तुम्ही म्हणाल गॅस दिला ना. दिला, २०१६ ला उज्ज्वला आली तेव्हा आमच्या गावातही सिलिंडर आले, बफरमधल्या गावांना वनखात्याच्या जनवन योजनेतूनही गॅस मिळाला, आणि मी कुणाचंही श्रेय काढून घेत नाही कारण माझ्या मायचा खोकला त्यानं कमी झाला हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण पहिला सिलिंडर फुकट असतो, दुसरा नसतो. रिफिलचे पैसे आधी पूर्ण भरायचे, सबसिडी मागाहून खात्यात येते, आणि गाडी आमच्या गावात येतेच असं नाही. ज्या घरात आठवड्याला मजुरी मिळते त्या घरानं एकदम एवढे पैसे कुठून काढायचे. मग सिलिंडर पाहुणे आले की लागतो, बाकी दिवस चूल. सिलिंडर वाटल्याचे फोटो आणि आकडे निघतात पण एका घरानं वर्षात किती वेळा भरला हे विचारायला कुणी येत नाही, आणि बाई त्या दिवशी सरपणाला जंगलात गेली की नाही हे तर शेवटी त्याच्यावरच ठरतं.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तुमच्या पेपरात आली होती बातमी. त्यानंतर आमच्या गावात दोन दिवस कुणी गेलं नाही, तिसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात उभी होते तर बायका निघालेल्या दिसल्या, नेहमीपेक्षा मोठा घोळका करून, मोठ्यानं बोलत बोलत, पुढं दोन-तीन बाप्ये काठ्या घेऊन. मी कुणाला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होते, माझा पगार महिन्याला येतो.

आमच्या घरचं पण सांगते. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, ढोरं चारायला गेले होते, नाल्याच्या काठानं. ढोरं संध्याकाळी आपोआप घरी आली, ते आले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते. पुढचं नाही लिहीत. पण नंतर जे झालं ते लिहिते, कारण ते वाघानं केलेलं नाही. तेव्हा मदतीची रक्कम आजच्यापेक्षा खूप कमी होती, आणि ती मिळायला माझ्या मोठ्या मायला एका ऑफिसात किती चकरा माराव्या लागल्या याचा हिशेब माझ्या वडिलांकडं होता, वहीत लिहून ठेवला होता, बसभाड्यासकट. एका कागदावर नाव एक, दुसऱ्या कागदावर एका अक्षराचा फरक. वारसाचा दाखला आणा, मग त्याची झेरॉक्स आणा, मग साहेब दौऱ्यावर. आणि या सगळ्या काळात घरातली चूल कशी पेटली? तेरवी झाली, चौदाव्या दिवशी मोठी माय सरपणाला गेली. त्याच जंगलात, फक्त नाल्याची बाजू सोडून.

आणि आमच्या गावाच्या शिवेवर वाघोबा आहे, एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. मोठी माय दरवर्षी तिथं नारळ फोडायची. मोठे बाबा गेल्यावर मला वाटलं आता नाही जाणार ती. ती गेली, त्या वर्षीही गेली. मी विचारलं तर म्हणाली, देवाला कशाला सोडू, त्यानं काय केलं. एवढंच. मला हे शहरातल्या वाचकांना नीट कळावं असं फार मनापासून वाटतं, की आमची माणसं वाघाची दुश्मन नाहीत. ताडोबा हे नावच मुळी तारू नावाच्या गोंड पुढाऱ्यावरून पडलं असं मानतात, तो वाघाशी लढताना गेला आणि लोकांनी त्याला देव केलं, तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासी लोकांची जत्रा भरायची. १९५५ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून माणूस आणि वाघ तिथं होते, आणि वाघ संपला नव्हता. संपत आला तो शिकारीच्या शौकानं, चोरट्या व्यापारानं आणि जंगल तुटत गेल्यानं, मोह वेचणाऱ्या बायकांनी नाही.

वाघ वाढला याचा मला आनंद आहे, अगदी खरा आनंद. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ ला ४४४ झाले. देशात १४११ वरून ३६८२. जगातल्या चार वाघांपैकी तीन आपल्या देशात आहेत, आणि आपला देश काही श्रीमंत नाही. हे ऐकून माझी शाळेतली पोरं टाळ्या वाजवतात. पण त्याच वर्गात दोन पोरं अशी आहेत की ज्यांच्या घरचं कुणीतरी वाघानं नेलं, आणि टाळ्या वाजवताना मी त्यांच्याकडं बघायचं टाळते. गावाजवळ वाघ फिरतोय असं कळलं की आमच्या शाळेची हजेरी अर्ध्यावर येते. चार वाजता शाळा सुटली की लांबच्या टोल्यावरची पोरं एकत्र पाठवायची, सोबत कुणाचा तरी बाप पाहिजे, बाप मजुरी सोडून येतो. अशी मजुरी किती बुडाली हे कुठल्याच गणनेत येत नाही.

हे वाढलेले वाघ राहणार कुठं हाही प्रश्न आहेच. ताडोब्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, तो भरला. दोन वर्षांचा पठ्ठा वाघ आईला सोडून नवी जागा शोधायला निघतो तो बफरमध्ये येतो, तिथून ब्रह्मपुरीकडं सरकतो, आणि ब्रह्मपुरीचं जंगल म्हणजे एक तुकडा जंगल, मधी धानाच्या बांध्या, मग मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव, मग गाव, परत जंगल. वाघाला तिथं पाणी आहे, रानडुक्कर आहे, गावची ढोरं आहेत. वनखात्यानं २०२३ ला तिथल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याला नेऊन सोडल्या, पुढं ताडोब्यातल्या दोन ओडिशात सिमिलीपालला पाठवल्या, त्यातली झीनत तर तिथून निघून झारखंड, बंगालपर्यंत फिरून आली. चांगले प्रयत्न आहेत. पण अशा किती हलवणार. वाघ आमच्या शेजारीच राहणार हे धरून चाललं पाहिजे, आणि तसं धरलं तर मग शेजाऱ्याची सोय बघायला पाहिजे.

आता पैशाचं. ताडोब्याला देशभरातून लोक येतात, जिप्सी, रिसॉर्ट, गेटची फी, कॅमेऱ्याची फी. मोहर्ली, कोलारा अशा गेटच्या गावांत पोरांना काम मिळालं, कुणी गाईड झालं, कुणी जिप्सी चालवतो, बायकाही गाईड झाल्या आणि इंग्रजी बोलतात, मला फार अभिमान वाटतो त्यांचा. बफरच्या गेटांतून गावच्या समितीला पैसे येतात हेही खरं. पण ज्या गावाला गेट नाही त्याचं काय? ब्रह्मपुरी विभागात वाघ भरपूर, माणसं मरतात ती तिथं जास्त, आणि सफारी नावाला. म्हणजे वाघाचा पैसा एका रस्त्यानं येतो आणि वाघ दुसऱ्या रस्त्यानं जातो. पैसा कुठं जाणार हे पर्यटक ठरवतो, आणि पर्यटक ज्या गावात कधीच येणार नाही तिथली बाई रोज पहाटे वाघाच्या वाटेनं जाते.

नेपाळ आपल्यापेक्षा गरीब देश आहे. त्यांचं चितवन राष्ट्रीय उद्यान १९७३ चं, आपला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला त्याच वर्षीचं. तिथं नियमच आहे की राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा बफरमधल्या लोकांच्या समित्यांकडं जायलाच पाहिजे, विकासाच्या कामाला. नव्वदच्या दशकात केलेला नियम. कुठल्या साहेबाच्या मर्जीवर नाही की कुठल्या योजनेचं बजेट आलं तर दिलं नाही तर नाही असंही नाही. आणि नेपाळात २००९ ला १२१ वाघ होते ते २०२२ ला ३५५ झाले. सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, तिथल्याच बर्दिया जिल्ह्यात २०२२ मध्ये हल्ल्यांना कंटाळून लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात एक तरुण मुलगी गेली. म्हणजे पैसा दिला की झालं असं नाही. पण निदान तिथल्या बाईला समितीत बसून विचारता तरी येतं, की आमच्या हिश्शातून रस्त्यावर लाईट आधी लावायची की गोठ्याला जाळी. आमच्याकडं योजना वरून ठरून येते. एका वर्षी सोलर कंदील, एका वर्षी शिलाई मशीन. कुणी मागितलं होतं शिलाई मशीन?

१९७२ मध्ये इंदिरा गांधींनी स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत विचारलं होतं की गरिबी आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का. श्रीमंत देश गरीब देशांना उपदेश करत होते तेव्हा त्यांना गरिबाची बाजू मांडायची होती, आणि ती कुणीतरी मांडायलाच पाहिजे होती. पण ते वाक्य पुढं लोकांनी उलटं वापरलं असं मला वाटतं, की गरीब आहे म्हणजे जंगल तोडणारच, म्हणून त्याला जंगलाबाहेर काढा. आमच्या शेजारच्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. २००९ मध्ये त्या गावाला वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी ते एक. पण बांबू विकायला गेले तर वाहतुकीचा पास देणार कोण यावर अडलं, तो पास ग्रामसभेच्या हातात यायला २०११ उजाडलं, पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. त्या गावाची घोषणा तर सगळ्यांना माहीत आहे, दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

आणि आमच्याच जिल्ह्यातलं पाचगाव, गोंडपिपरी तालुक्यातलं, त्याचं नाव फार कमी लोकांनी ऐकलंय. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गोंड लोकांची वस्ती, गरीब, आधी मजुरीसाठी बाहेर जाणारी. हक्क मिळाल्यावर त्यांनी ग्रामसभेत बसून नियम केले, कोणता बांबू तोडायचा, कोणता कोवळा म्हणून सोडायचा, राखण कोण करणार. आणि एक निर्णय असा घेतला की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विश्वास बसला नाही, त्यांनी तेंदूपत्ता बंद केला. रोख पैसा देणारा तेंदू! कारण चांगलं पान यावं म्हणून झाडं छाटतात, आग लावतात, त्यात जंगलाचं नुकसान होतं, आणि पानाची बिडी होते ती माणसाला चांगली नाही. बांबूतून मजुरी मिळते, मग तेंदू सोडायला परवडतं. गरीब माणसानं जंगल वाचवलं का? वाचवलं, पण आधी ते जंगल त्याच्या हातात आलं, आणि त्यातून वर्षभराचं पोट भरेल अशी सोय झाली, मग त्यानं एक कमाई स्वतःहून सोडली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, तो उलटा केला की काही चालत नाही. आधी सोडा, मग बघू तुमचं काय करायचं, असं म्हटलं की माणूस लपून तोडतो.

आमच्या लोकांच्या चुका झाकायला मी बसलेली नाही. मोह नीट दिसावा म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग पसरत जाते, आमच्या भागातल्या कितीतरी वणव्यांची सुरुवात तशीच होते, मी स्वतः लहानपणी मायसोबत पाला पेटवलेला आहे. रानडुकरं एका रात्रीत उभा धान लोळवतात म्हणून काही शेतकरी कुंपणात करंट सोडतात, त्यात वाघ मरतो, कधी शेजारचा माणूसही मरतो. हे वाईटच आहे. पण पाला पेटवायच्या ऐवजी झाडाखाली जाळी बांधली तर फूल जाळीत पडतं, आग लागत नाही, आणि बाईला वाकावंही लागत नाही, उन्हं वर आल्यावर जाऊन गोळा करून आणता येतं. किती साधी गोष्ट. एका जाळीनं वणवा वाचतो आणि बाईचा जीवही वाचतो. छत्तीसगडकडं अशा जाळ्या वापरतात, आपल्याकडंही कुठं कुठं सुरू झालंय, पण आमच्या गावात अजून एकही आली नाही. सोलर कुंपणाचं पण तसंच, सबसिडी आहे, पण आपल्या वाट्याचे पैसे आधी भरायला ज्याच्याकडं आहेत त्यालाच ते मिळतं, आणि करंट सोडतो तो बहुतेक ज्याच्याकडं नसतात तो.

आणखी एक बोलायचं आहे, ते बोलताना मला जरा त्रास होतो. आमच्या बाईनं मोळीभर काड्या आणल्या तर तिला अडवतात, आणि चंद्रपुरात जमिनीखालचा कोळसा काढायला जंगलंच्या जंगलं तोडायची परवानगी मागितली जाते. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, तिथली वीज कुठं कुठं जाते ते महाराष्ट्राला माहीत आहे. राख आणि धूर इथं राहतो. ताडोब्याच्या जवळ लोहाऱ्याला कोळसा खाण येणार होती ती इथल्याच लोकांनी आंदोलनं करून, उपोषणं करून थांबवली, तेव्हा जंगलाच्या बाजूनं रस्त्यावर उतरलेले लोक चंद्रपूरचे होते. २०२२ च्या फेब्रुवारीत तर त्या वीज केंद्राच्या आवारातच एका कामगाराला वाघानं मारलं. म्हणजे वाघाला जायला जागा राहिली नाही ती फक्त आमच्या चुलीमुळं नाही. शहरातल्या घराला एसी लागतो ती पण माणसाची गरजच आहे, मी नाही म्हणत नाही, पण जंगल वाचवायचं म्हटलं की आधी चुलीचा हिशेब निघतो, एसीचा शेवटी निघतो किंवा निघतच नाही.

२०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा. त्या ठरावात आदिवासी आणि स्थानिक लोकांच्या हक्कांचा आदर ठेवून असं लिहिलंय, आणि आपल्याकडं वनहक्क कायदा २००६ चा आहे, वाघांच्या राखीव भागातून गाव हलवायचं तर ग्रामसभेची संमती लागते असंही कायद्यात आहे. लिहिलेलं सगळं चांगलंच आहे. ताडोब्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं बाहेर आली. घरटी दहा लाखांचं पॅकेज होतं ते २०२१ ला पंधरा लाख झालं. काही लोक बाहेर येऊन खूश आहेत, पोरांना शाळा जवळ, दवाखाना जवळ, मला भेटलेत असे लोक. काहींचे पैसे दोन वर्षांत मोटारसायकल आणि लग्नात संपले, आता ते दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करतात. मोहाची झाडं मात्र कुणालाच बाहेर नेता आली नाहीत.

आता सरकार मृत्यूमागं पंचवीस लाख देतं, काही रक्कम चेकनं, बाकी फिक्समध्ये. रक्कम चांगली आहे, पूर्वीपेक्षा लवकरही मिळते असं ऐकते. पण माझं म्हणणं असं आहे की माणूस मेल्यावर पंचवीस लाख द्यायची आपली तयारी आहे तर तो मरू नये म्हणून त्यातला थोडा पैसा आधी का नाही खर्च करायचा. बफर आणि ब्रह्मपुरीच्या गावांना उज्ज्वलाचं रिफिल वर्षभर पूर्ण फुकट द्या, पैसे मागाहून खात्यात नको, सिलिंडरच दारात द्या. मोहाच्या झाडाखाली जाळ्या द्या, मार्चच्या आत द्या, एप्रिलमध्ये आल्या तर काय कामाच्या. मोह आणि तेंदूच्या दिवसांत गावच्या पोरांची जी पीआरटी टीम आहे, म्हणजे वाघ आला की आधी धावून जाणारी गावातली तुकडी, तिला रोजी वाढवून द्या, ती पोरं पहाटे बायकांच्या पुढं चालतील. काही गावांत कॅमेरे लावलेत, वाघ दिसला की भोंगा वाजतो, तसे जिथं हल्ले जास्त तिथं आधी लावा. आणि ताडोब्याच्या कमाईतला ठराविक हिस्सा नियमानंच ठरवून टाका, गेट असलेल्या गावालाच नको, ज्या गावाच्या शिवारात वाघ आहे त्या प्रत्येक गावाला, आणि तो कुठं खर्चायचा ते ग्रामसभा ठरवेल, त्या ग्रामसभेत बायका बसलेल्या पाहिजेत कारण जंगलात जास्त त्याच जातात. ज्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे पडून आहेत ते निकाली काढा. हे सगळं कुणावर उपकार म्हणून मागत नाहीये मी. वाघ सगळ्या देशाचा आहे, त्याच्या शेजारी राहायचं काम आम्ही देशासाठी करतोय, त्याचा मोबदला आहे हा.

वनरक्षकांबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर मला चैन पडणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात वाघांच्या गणनेसाठी पायी फिरणाऱ्या एका वनरक्षक बाईंना वाघिणीनं नेलं. आमच्या भागातले वनरक्षक पण आमच्यासारख्याच घरातले आहेत, कमी माणसांत मोठं जंगल सांभाळतात, आणि गावात कुणी गेलं की लोकांचा पहिला राग त्यांच्यावरच निघतो. जंगलातली बाई आणि वनरक्षक बाई यांना एकमेकींच्या विरुद्ध उभं करून ठेवलंय, खरं तर दोघी एकाच वाटेवर चालतात.

ज्या वाचकांनी प्रश्न विचारला त्यांनी मार्चमध्ये आमच्याकडं यावं अशी विनंती आहे. आमचं घर लहान आहे पण माणूस राहील एवढी जागा आहे. माय आता थकली, तिचं झाड आता माझी वहिनी वेचते, तिच्यासोबत पहाटे जाऊ. तुम्ही झाडाखाली यायची गरज नाही, थोडं लांब बॅटरी धरून उभं राहिलं तरी चालेल, तेवढीच तिला सोबत.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणं आहे. वाघ मेला की बातमीत त्याचा नंबर असतो, त्याचं वय असतं, त्याची आई कोणती ते पण असतं, आणि ते वाचायला मलाही आवडतं. पण बाई गेली की नुसतं 'महिला ठार' असं येतं. पुढच्या वेळी तुमच्या तालुका वार्ताहरांना एवढं विचारायला सांगा, की ती काय आणायला गेली होती, घरी सिलिंडर होता का, आणि शेवटचा कधी भरला होता. आणि सहा महिन्यांनी परत एकदा त्या घरी फोन करून मदतीचे पैसे मिळाले का ते छापा, चार ओळीत छापलं तरी चालेल.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर